निशाणी सतरा

मंचावर पाचवी खुर्ची दिसली की अजूनही मला ती उचलून न्यावीशी वाटते. कुणाचाही कार्यक्रम असो, शाळेचं गॅदरिंग असो की पतसंस्थेचा वर्धापनदिन, मी आपली खुर्च्या मोजत बसते. नवरा म्हणतो, तुला गुल्हाने काका चावलेत. चावलेतच. सात वर्षं त्या माणसाबरोबर मी परिसंवाद उभे केले आणि सात वर्षांत त्यांनी माझं डोकं असं काही फिरवून ठेवलं की आता कुठल्याही समारंभात मला सुखानं बसता येत नाही. काका गेले त्याला या पावसाळ्यात वर्ष होईल, पण माझी खोड काही जात नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आमच्या वऱ्हाडातल्या एका छोट्या पक्षाच्या अमरावतीच्या कार्यालयात मी कामाला आहे. छोटा म्हणजे किती छोटा, तर चिन्ह दाखवलं की लोक विचारतात, हे कुठलं बाप्पा? मागे कुणी मोठा कारखानदार नाही. पक्ष चालतो तो डॉक्टर, वकील, कापसातून सरकी काढणारे जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले आणि पेन्शनीतून बाजूला काढणारे मास्तर यांच्या देणग्यांवर. त्यांचं दरवर्षी थंडीच्या दिवसांत एक संमेलन भरतं, एका वर्षी अमरावतीला, एका वर्षी अकोल्याला. फलकावर 'देणगीदार' लिहिलं तर देणारा लाजतो, म्हणून नाव 'हितचिंतक संमेलन'. पूर्वी त्यात काय व्हायचं? लोकांना बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, जेवू घालायचं आणि गाडीत बसवून द्यायचं. मधल्या वेळात एक परिसंवाद. तो कुणीच ऐकायचं नाही, बोलणारेसुद्धा.

गुल्हाने काका मला भेटले ते अशाच एका परिसंवादानंतर, अमरावतीत. त्या दिवशी मंचावर एकवीस खुर्च्या होत्या. सत्काराला दीड तास लागला. मग उरलेल्या अर्ध्या तासात पाच वक्त्यांनी कापसाच्या भवितव्यावर भाषणं ठोकली आणि पाचही जण म्हणाले की भवितव्य उज्ज्वल आहे. पुढच्या रांगेतले एक हाडांचे डॉक्टर तोंड उघडं टाकून झोपले होते. मी मागे दाराशी उभी राहून कपाळाला हात लावला होता, तर शेजारून आवाज आला, "बाई, पाचही साक्षीदार एकाच बाजूचे. मंग खटला कोनाचा?"

पाहिलं तर पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, खिशात एक निळा आणि एक लाल पेन, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. न्यायाधीशासमोरचं टेबल, फायली, कागदांना क्रमांक टाकणं, हे ज्याच्या हाती असतं तो. कुणा वकिलाबरोबर पाहुणे म्हणून आले होते. मी ते वाक्य हसत हसत आमच्या अध्यक्षांना, म्हणजे भाऊसाहेबांना, सांगितलं. भाऊसाहेब गुणी माणूस, दुसऱ्याच आठवड्यात काकांच्या घरी गेले आणि म्हणाले, पुढचा परिसंवाद तुमी करा. काकांनी अट घातली, "मंचावर चार खुर्च्या. पाचवी ठेवली तं मी घरी."

त्यांच्या कामाची तऱ्हा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, या माणसाला निवृत्ती मानवलेली नाही. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या उलटतपासण्या ऐकल्या होत्या. चांगला प्रश्न कुठला आणि पोकळ कुठला, हे त्यांना वास घेऊन कळायचं. ते वक्ते निवडायचे ते नावावर नाही. आधी प्रत्येकाशी तासभर फोनवर बोलायचे, शेजारी वही घेऊन. कुठल्या मुद्द्यावर माणूस चिडतो तिथे लाल पेनाने खूण. मग दोघांच्या लाल खुणा एकमेकांवर कुठे आदळतात ते शोधायचं आणि ते दोघं मंचावर समोरासमोर बसवायचे. कापसाच्या परिसंवादाला त्यांनी एक जिनिंगवाला घेतला, एक कापूस पिकवणाऱ्या बाई घेतल्या, कृषी विद्यापीठातला एक माणूस घेतला आणि चौथा म्हणून शाळेचे गणवेश शिवणारा एक शिंपी. भाऊसाहेब म्हणाले, शिंपी कायले? काका म्हणाले, "कापूस शेवटी त्याच्याच हाती जाते ना साहेब. त्याले आजवर कोनी विचारलं?"

आणि तो शिंपी काय बोलला! पुढच्या रांगेतले तेच हाडांचे डॉक्टर पेन काढून लिहून घेत होते.

विषय पास करायची परीक्षा मात्र काकांच्या हाती नव्हती. ती काकूंची. काकू स्वयंपाकघरात भाजी चिरत असायच्या, काका दारात उभे राहून विषय वाचून दाखवायचे. 'ग्रामीण विकासाची दिशा.' काकूंची विळी चालूच. 'युवक आणि रोजगार.' विळी चालूच. मग एकदा म्हणाले, 'जिनिंगवाला आपल्या पोराले जिनिंगमध्ये काहून टाकत नाई?' विळी थांबली. काकू वळून म्हणाल्या, "अवो, खरंच, काहून नाई टाकत?" विषय पास! मी तेव्हा तिथेच चहा पीत बसले होते, म्हणून सांगते. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून काका वहीत लिहायला पळाले होते.

काकांची आणखी एक मोहीम होती ती आलूबोंड्याच्या, म्हणजे बटाटेवड्याच्या, वासाविरुद्ध. त्यांचं ठाम मत होतं की वऱ्हाडी माणूस विचारांनी उठत नाही, वासाने उठतो. म्हणून सभागृह ठरलं की आदल्या दिवशी ते अंगणात उभे राहून वारा कुठल्या बाजूने येतो ते पाहायचे आणि आचाऱ्याची भट्टी उलट्या बाजूला लावायला सांगायचे. आचारी वैतागायचा. मग काका सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे आणि मला मंचावरून पेपर वाचायला लावायचे. "बाई, नाई आयकू येऊन राहिलं. मागच्या मानसानं बी तेवढंच देल्लं हाय." मी घसा फोडून बाजारभाव वाचत असायची. असंच वाचून वाचून त्यांनी मला सूत्रसंचालक करून टाकलं. दोन अटींवर. शेरोशायरी करायची नाही आणि 'यानंतर मी विनंती करते की' असं म्हणायचं नाही. सरळ नाव घ्यायचं.

सत्कारावरून तर महाभारत झालं. काकांनी ठरवलं, शाल-श्रीफळ परिसंवादाच्या आधी नाही, नंतर. आणि ज्याने मंचावर उत्तर दिलं, त्यालाच. आमच्याकडे मानपान म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. लग्नातली पंगत त्यावरून उठते. अकोल्याच्या पहिल्या संमेलनात गोपाळशेठ आले. अकोला जिल्ह्यातले मोठे जिनिंगवाले, आमचे सगळ्यात मोठे देणगीदार. मंचाकडे नजर टाकली, चारच खुर्च्या आणि त्यावर दुसरीच माणसं. ते तसेच मागे फिरले आणि गाडीत जाऊन बसले. काच वर. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. मी म्हटलं, झालं, बसा आता बोंबलत.

काका शांतपणे गाडीकडे गेले, पलीकडचं दार उघडलं आणि शेठच्या शेजारी जाऊन बसले. मी जवळ उभी होते, दार अर्धं उघडंच होतं. काकांनी ना माफी मागितली, ना समजूत घातली. विचारलं, "शेठजी, एक सांगा. तुमी दर वर्षी कायले देता?"

"म्हंजे?"

"म्हंजे आमी तुमाले काई देत नाई. कंत्राट नाई, पद नाई. मंग कायले देता?"

गोपाळशेठ आधी फुगून बसले. मग बोलायला लागले. बापाचं सांगितलं, जिनिंगला लागलेल्या आगीचं सांगितलं, त्या वेळी भाऊसाहेबांचे वडील रात्रभर पाण्याच्या बादल्या वाहत होते ते सांगितलं. बोलता बोलता चष्मा काढून पुसला. अर्धा तास गेला. शेवटी काका म्हणाले, "आतापर्यंत हे कोनाले सांगितलं होतं?" शेठ म्हणाले, "विचारलं कोनी?" पुढच्या वर्षी गोपाळशेठ मंचावरच्या चार खुर्च्यांपैकी एकीवर होते आणि त्या परिसंवादाची आठवण लोक अजून काढतात.

या सगळ्याच्या मुळाशी काकांची कार्डं होती. संमेलनाला आलेल्या प्रत्येकाला एक कोरं कार्ड मिळायचं. त्यावर आपला प्रश्न लिहून आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी द्यायचा. काका प्रत्येक कार्डावर लाल पेनाने क्रमांक टाकायचे. कोर्टात पुराव्याच्या कागदाला निशाणी पडते ना, तसंच लिहायचे, 'निशाणी १', 'निशाणी २'. देणाऱ्याला तोच क्रमांक चिठ्ठीवर मिळायचा आणि मंचावरून त्याच क्रमाने प्रश्न वाचला जायचा. मोठ्याचा आधी, छोट्याचा नंतर, असं नाही. कार्ड घेताना काका प्रत्येकाला स्वतः सांगायचे, "कार्ड देल्लं का वाचल्या जाईन. माही जबाबदारी." लोकांना दुसरं काही नको होतं हो. त्या एका वाक्यावर माणसं दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर इथून सकाळच्या एसटीने यायची.

अकोटहून सुमनताई यायच्या. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात स्वतःचा डबा. आमचं जेवण त्यांना तेलकट वाटायचं. पेन्शनीतून दरवर्षी जमेल तेवढं देत आणि दरवर्षी एक प्रश्न विचारत. गावोगावच्या मुली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला अकोटला येतात आणि त्यांना बसायला जागा नाही, मंदिराच्या ओट्यावर बसतात, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी भाऊसाहेबांनी पक्षाची अकोटमधली एक खोली द्यायचं भर संमेलनात कबूल केलं होतं. त्या वर्षी टाळ्यांनी सभागृह दणाणलं होतं आणि सुमनताईंनी डोळे पुसले होते.

आता येते ती अकोल्याची गोष्ट, काकांच्या सातव्या वर्षाची. विषय काकूंनी एका क्षणात पास केलेला, गॅस बंद करून. 'देल्लं त्याचं काय झालं?' मंचावर पहिल्यांदाच खुद्द भाऊसाहेब बसणार आणि देणारे विचारणार, आमच्या देणगीतून काय झालं. हे काकांचं स्वप्नच होतं म्हणा. महिनाभर ते झोपले नसतील. मला म्हणाले होते, "बाई, हा एक झाला का मी सुटलो. यापेक्षा मोठा परिसंवाद नसते."

सभागृह भरलं. मी कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन एकेक वाचत गेले. भाऊसाहेब उत्तरं देत होते, कुठे कबुली, कुठे विनोद, छान रंगलं होतं. "निशाणी सोळा," मी वाचलं. उत्तर झालं. पुढचं कार्ड उचललं आणि बोलूनही गेले, "निशाणी अठरा."

बोलल्यावर लक्षात आलं. मी गठ्ठा चाळला, खाली पडलं का पाहिलं. सतरा नव्हतंच. चौथ्या रांगेत सुमनताई हातातली चिठ्ठी बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, बाजूला भिंतीशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. चिठ्ठीची बारीक घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. काकांनी नजर खाली घातली होती. त्या माणसाला मी त्याआधी कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं, आणि मला भयंकर राग आला, कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी सरळ विचारलं, "काका, सतरा कुठंय?"

त्यांनी खिशातून कार्ड काढून दाखवलं. सुमनताईंचं ते शाळेचं वळणदार अक्षर. 'अकोटच्या मुलींची अभ्यासिका कुठे आहे?' एवढंच. सकाळी ते कार्ड भाऊसाहेबांच्या नजरेला पडलं आणि ते काकांकडे आले होते. अभ्यासिकेसाठी ठरलेल्या खोलीत पक्षाचं संपर्क कार्यालय उघडलं होतं, आणि निवडणुका तोंडावर. दमदाटी केली असती तर काका मुळीच नमले नसते. भाऊसाहेबांनी त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, शिरस्तेदार, दिवाळीपर्यंत खोली मोकळी करून देतो, आजच्या दिवस सांभाळा.

"आन् मी तारीख देऊन बसलो, बाई," काका म्हणाले. "जल्मभर पायलं. तारीख देता देता लोकायच्या पिढ्या गेल्या कोर्टात. घरी येऊन मी काकूले म्हनो, तारीख देनं म्हंजे गोडीगुलाबीनं नाई म्हननं हाय. आन् आज मीच देल्ली." खुर्चीवर बसले आणि कार्ड परत खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी ते अकोटला गेले. मला बरोबर नेलं, म्हणाले, कोनीतरी पायजे, माही हिंमत होत नाई. सुमनताईंनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. काकांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. मग कार्ड काढून समोर धरलं. "ताई, उत्तर माह्याजवळ नाई. तुमचा प्रश्न वापस द्याले आलो. मी तुमाले शब्द देल्ला होता, मोडला."

सुमनताईंनी कार्डाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"मी देल्लेलं वापस घेत नाई, शिरस्तेदार."

मग म्हणाल्या, "आन् एक सांगा. तुमच्या कोर्टात दुसऱ्या पक्षाले न बोलावताच तारीख देतेत काय?"

काकांनी मान हलवली, नाही म्हणून. बाईंच्या आवाजात चीड नव्हती, तेच वाईट होतं. परतीच्या एसटीत काका अंजनगाव येईपर्यंत ते कार्ड हातात धरून बसले होते. मला तर रडू येत होतं.

दिवाळी आली, गेली. खोलीवर पक्षाची पाटी तशीच. काकांनी भाऊसाहेबांना पत्र लिहिलं, एकदा नाही, दोनदा. उत्तर आलं नाही. पुढच्या संमेलनाचं काम नागपूरच्या एका कंपनीकडे गेलं. भाऊसाहेब मला म्हणाले, शिरस्तेदारांचं वय झालं ताई, त्यांना त्रास नको. मी मान डोलावली. माझी नोकरी होती, काय बोलणार होते मी? पण घरी गेल्यावर भांडी जरा जोरात आपटली.

त्या वर्षी संमेलन अमरावतीला. मंचावर सोफे, मागे मोठा पडदा, सुरेख बोलणारी एक निवेदिका. कार्डं मात्र होती, कारण जुन्या लोकांनी आधीच फोन करून विचारलं होतं, कार्डं आहेत ना, तरच येतो. मी नोंदणीच्या टेबलावर बसले होते. सुमनताई त्या वर्षी आल्या नव्हत्या. रांगेत मान वर केली तर समोर काका.

"फॉर्म दे बाई. हितचिंतक व्हाचं हाय."

"काका, तुम्हाला कशाला फॉर्म? आत जा ना सरळ."

"नाई. देल्ल्याशिवाय विचाराचा अधिकार नाई. नियम माहाच हाय." त्यांनी फॉर्म भरला, पेन्शनीतली देणगी दिली, कार्ड घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. मी वाचलं. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. खाली नाव मात्र स्वतःचं. क्रमांक आला एक्केचाळीस. मी हळूच म्हटलं, वर घालते, दुसरं-तिसरं येऊ दे. तर माझ्यावरच डोळे वटारले. "क्रमानं येऊ दे."

तेहतीसपर्यंत येईतो जेवणाची वेळ झाली. वाऱ्याची पर्वा न करता भट्टी दाराशीच लावलेली, आलूबोंड्यांचा वास सभागृहभर. निवेदिकेने हसून आभार मानायला सुरुवात केली. पण कुणी उठलं नाही. तीनशे माणसं वास घेत बसून राहिली. तिला काही कळेना. शेवटी मंचावर सोफ्यात बसलेले गोपाळशेठच म्हणाले, "ताई, आमच्याइथं सगळे कार्डं वाचतेत. वाचा."

तिने एकेक वाचलं. एक्केचाळीस आलं. 'अकोटच्या मुलींची अभ्यासिका कुठे आहे?' काका जागेवरून उठून रांगेबाहेर येऊन उभे राहिले.

भाऊसाहेबांनी माईक घेतला. "शिक्षन हा आपल्या पक्षाच्या जिव्हाळ्याचा विषय हाय. मुलींच्या बाबतीत तं—"

"साहेब," काका म्हणाले, माईकशिवाय, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "प्रश्न लहान हाय. कुठी हाय?"

"शिरस्तेदार, बसा ना तुमी."

"उत्तर आलं का बसतो."

मी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ नेली, गुडघे दुखतात त्यांचे, मला माहीत होतं. त्यांनी ती हाताने बाजूला केली. भाऊसाहेब पाणी प्यायले. माणूस मुळात वाईट नाही, मी आजही म्हणते. ग्लास ठेवून म्हणाले, "नाई झाली. त्या खोलीत आपलं संपर्क कार्यालय हाय. चूक माही हाय. होळीपर्यंत नक्की—"

"तारीख नका देऊ साहेब. मागच्या वर्षी एक घेतली मी, त्या बाईले न विचारता. आता मले तारीख घ्याचा अधिकार नाई."

"मंग काय करू, सांगा?"

"किल्ली द्या."

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हे उठून जातात. तेवढ्यात गोपाळशेठ म्हणाले, "देऊन टाका ना साहेब. खोलीच हाय, आमदारकी नाई मागून राहिले ते."

लोक हसले. भाऊसाहेबही हसले, आणि हसताना त्यांचे खांदे सैल झाले ते मी पाहिलं. त्यांनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या अकोटच्या तालुकाध्यक्षाकडे बघून मान हलवली. त्या बिचाऱ्याच्या खिशात मोटारसायकलची आणि ऑफिसची किल्ली एकाच कडीत. कडी निघेना. तो नखाने उचकटत बसला, शेजारच्याने मदत केली, आणि तेवढा वेळ सगळं सभागृह त्याच्या हाताकडे बघत होतं. काका उभेच होते. शेवटी किल्ली हातोहात येत येत त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी ती घेतली, मंचाकडे बघून हात जोडले आणि बाहेर पडले.

मी नोंदणीचं काम टाकून त्यांच्यामागे धावले. गाडीवर बसवून बसस्थानकावर सोडलं. अकोटची गाडी लागलेलीच होती. माझा जीव कळवळत होता, काकांच्या पोटात सकाळपासून काही नाही, पाय सुजलेले, आणि हे निघाले दोन-अडीच तासांच्या प्रवासाला.

"काका, जेवून तरी घ्या. उद्या सकाळी जा ना, मी येते बरोबर."

त्यांनी दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवला.

"वर्ष झालं त्या बाईले थांबून," ते म्हणाले. "आता जेवाले थांबू काय मी?"